वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रेडांमधील संवाद : पडद्यावरचे वजन मागे का पडते?

तुर्भेकर (सोमवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी. तुर्भे आणि महापे भागातील तीन वजनकाट्यांवर चालणारे एक डेस्कटॉप सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सी शार्प भाषेत आणि विनफॉर्म्समध्ये (डॉट नेटमधील खिडक्या-बटणे बनवण्याच्या साधनसंचात) लिहिलेला हा प्रोग्राम मूळ माझा नाही, परंतु गेली चार वर्षे त्याची सगळी दुखणी माझ्याकडेच येतात. काम तसे साधे आहे. ट्रक काट्यावर चढतो, लोडसेलवरचे (काट्यातील वजन मोजणाऱ्या सेन्सरवरचे) वजन इंडिकेटर या आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर उमटते, इंडिकेटर ते सिरियल पोर्टावरून सेकंदाला दहा वेळा संगणकाकडे पाठवतो, आणि केबिनमध्ये बसलेला माणूस आकडा स्थिर झाला की पावती छापतो.

थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये इतरांबरोबर एकाच वेळी चालणारी कामाची स्वतंत्र धार; खिडकी आणि बटणे सांभाळतो तो मुख्य थ्रेड. सिरियल पोर्टाचा ‘डेटा रिसीव्ह्ड’ हा इव्हेंट (नवे वजन आल्याची सूचना) मुख्य थ्रेडवर न येता दुसऱ्याच थ्रेडवर येतो, आणि तिथून थेट लेबलला (पडद्यावर आकडा दाखवणाऱ्या चौकटीला) हात लावायचा नसतो, हे मला माहीत आहे. म्हणून आलेले प्रत्येक वजन मी ‘कॉन्करंट क्यू’मध्ये टाकतो, आणि फॉर्मवरचा १०० मिलिसेकंदांचा टायमर त्या रांगेतून एकेक वजन काढून लेबलवर दाखवतो. सेकंदाला दहा येतात, सेकंदाला दहा निघतात, त्यामुळे हिशेब चोख आहे, असे मी आजवर मानत आलो. ‘नवी गाडी’ हे बटण दाबले की रांग रिकामी होते.

गेल्या आठवड्यात मात्र भांडणाची वेळ आली. लोखंडाच्या सळया भरलेली एक गाडी कागदपत्रे तयार नसल्यामुळे दहा-बारा मिनिटे काट्यावरच उभी राहिली, आणि तेवढ्यात ड्रायव्हर आणि क्लीनर चहाला उतरले. ते परत येऊन गाडीत बसले, पडद्यावरचा आकडा अगदी स्थिर होता, पावती निघाली. त्या पावतीवर आलेले वजन दोघे खाली असतानाचे होते. परतीच्या वेळी रिकाम्या गाडीचे वजन झाले तेव्हा दोघेही आत बसलेले होते, त्यामुळे निव्वळ वजनात १४० किलो माल कमी भरला आणि माल पाठवणाऱ्याने काट्यावर येऊन आवाज चढवला. इंडिकेटर तपासून घेतला, त्यात दोष नाही.

दुसरी तक्रार याहून जुनी आहे. पोर्ट बदलताना किंवा प्रोग्राम बंद करताना, दहांतून एखाद्या वेळी, खिडकी पांढरी पडते आणि टास्क मॅनेजरमधून मारावी लागते. दोन्हींचे मूळ एकच असावे असा माझा संशय आहे.

पारसिक (सोमवार, रात्री १०.३५)

मूळ एक नाही, पण घराणे एक आहे. उत्तर देण्याआधी एक विचारतो: वजन नेहमीच सारखे मागे असते, की गाडी जितका अधिक वेळ उभी राहील तितके अधिक मागे पडत जाते? केबिनमध्ये बसणाऱ्या माणसाला विचारून सांगावे. अशा बाबतीत त्याचे निरीक्षण लॉग फाइलपेक्षा जास्त उपयोगी पडते.

तुर्भेकर (मंगळवार, दुपारी १.१०)

विचारले. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देतो: “साहेब, गाडी दहा मिनिटं उभी राहिली की काटा मिनिटभर मागे पडतो, हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हणून आम्ही नवी गाडीचं बटण दोनदा दाबतो.” त्या दिवशी केबिनमध्ये बदली माणूस होता आणि त्याला ही युक्ती माहीत नव्हती. चार वर्षांत मला हे कोणी सांगितले नाही, कारण मीही कधी विचारले नाही.

पारसिक (मंगळवार, रात्री ९.१५)

तर मग गणित करून पाहू. विनफॉर्म्सचा टायमर म्हणजे विंडोजचा जुना ‘सेट टायमर’च आहे. विंडोजच्या घड्याळाचा ठोका नेहमीच्या स्थितीत सुमारे १५.६ मिलिसेकंदांचा असतो आणि हा टायमर त्या ठोक्यांच्या पटीतच वाजतो. सहा ठोक्यांत १०० मिलिसेकंद भरत नाहीत, म्हणून तो सातव्या ठोक्याला, म्हणजे साधारण १०९ मिलिसेकंदांनी वाजतो. इंडिकेटर दर १०० मिलिसेकंदांनी रांगेत एक वजन टाकतो आणि आपण दर १०९ मिलिसेकंदांनी एक उचलता. दहा मिनिटांत, म्हणजे ६०० सेकंदांत, आलेली वजने ६,००० आणि उचललेली सुमारे ५,४८५. रांगेत शिल्लक ५१५. पडद्यावर त्या क्षणी दिसणारे वजन सुमारे ५१ सेकंद शिळे असते. आपल्या माणसाचा ‘मिनिटभर’ हा अंदाज किती नेमका आहे ते पाहा.

यात आणखी एक भर पडते. टायमरचा संदेश विंडोजच्या रांगेत सर्वांत खालच्या मानाचा असतो; पोस्ट झालेले संदेश, माऊस आणि कीबोर्ड, खिडकी रंगवण्याचा संदेश, हे सगळे आटोपल्यावर त्याची पाळी येते. मुख्य थ्रेड पावती छापण्यात तीन सेकंद अडकला तर टायमरचे चुकलेले ठोके साठून राहत नाहीत, ते गेले ते गेले. वजने मात्र साठतात. प्रत्येक पावतीमागे तीन सेकंदांचे कर्ज चढते आणि ते ‘नवी गाडी’ दाबेपर्यंत फिटत नाही.

टायमर ५० वर आणला तर लक्षण जाईल, परंतु कृपा करून तेवढ्यावर थांबू नका. थ्रेडांमधून जाणाऱ्या गोष्टी दोन जातींच्या असतात आणि आपण त्या एकाच पिशवीत घातल्या आहेत. आत्ताचे वजन ही ‘स्थिती’ आहे: नवे आले की जुन्याला किंमत उरत नाही, मधली चार हरवली तरी कोणाचे काही बिघडत नाही. पावती ही ‘घटना’ आहे: एकही हरवता कामा नये आणि क्रमही बदलता कामा नये. घटनेला रांग लागते. स्थितीला फळा लागतो, ज्यावर एकजण नवे लिहिताना जुने पुसतो आणि दुसरा हवे तेव्हा मान वर करून वाचतो. आपण फळ्याच्या जागी रांग लावली आहे.

वागळे_इस्टेट (मंगळवार, रात्री १०.०५)

फळ्याचे उदाहरण आवडले. ठाणे स्टेशनच्या पुलावरचा इंडिकेटरही तसाच असतो. नऊ-दहा नंबरवर लागलेली गाडी वाशीची की पनवेलची, एवढेच धावत येणाऱ्याला हवे असते. तो इंडिकेटर सकाळपासूनच्या सगळ्या गाड्या क्रमाने दाखवू लागला तर एकही माणूस कामावर पोहोचणार नाही.

ऐरोली_पूल (मंगळवार, रात्री १०.४०)

मी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमा असावी. एवढा खटाटोप मुळात का करावा लागतो? लेबल, बटण, ग्रिड यांना आतूनच कुलूप घालून (म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत) कोणत्याही थ्रेडने हात लावला तरी चालेल, असे ही टूलकिट (खिडक्या-बटणांचे तयार संच) बनवणाऱ्यांनी का केले नाही? शिवाय माझ्या प्रोजेक्टमध्ये मी दुसऱ्या थ्रेडवरून लेबल बदलतो आणि एक्झी (तयार प्रोग्रामची फाइल) थेट चालवली तर काहीही तक्रार येत नाही.

वागळे_इस्टेट (मंगळवार, रात्री ११.२०)

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. आधी दुसरा भाग. दुसऱ्या थ्रेडवरून हात लावल्याची तपासणी डॉट नेट २.० मध्ये, म्हणजे २००५ साली आली, आणि ती आपोआप चालू असते ती फक्त डीबगर (चुका शोधण्याचे साधन) जोडलेला असताना. एक्झी थेट चालवली की पहारेकरी घरी जातो. चोरी व्हायची ती होतच असते, फक्त ओरडणारा कोणी नसतो.

पहिल्या भागाचा अनुभव जावावाल्यांनी घेतला आहे. एडब्ल्यूटी ही जावाची पहिली टूलकिट अनेक थ्रेडांना चालावी अशा इराद्याने बांधली होती. पुढे आलेल्या स्विंगने तो नाद सोडला आणि सगळे काम एकाच इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवर आणले. जावा बनवणाऱ्या सन कंपनीतील ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ साली याची कारणमीमांसा मांडली होती, ती थोडक्यात अशी. माऊसची टिचकी खालून वर येते: ऑपरेटिंग सिस्टीम, मग खिडकी, मग बटण, मग आपला कोड. आपण लेबलचा मजकूर बदलतो तेव्हा हुकूम वरून खाली जातो: आपला कोड, मग लेबल, मग खिडकी, मग ऑपरेटिंग सिस्टीम. प्रत्येक पायरीवर कुलूप घातले तर एक थ्रेड कुलपे खालून वर घेत येतो, दुसरा वरून खाली घेत जातो, आणि मधल्या पायरीवर दोघे समोरासमोर उभे ठाकतात. प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याला हवे असलेले कुलूप असते. हा एखादा बग नसून दोन दिशांच्या वाहतुकीचा स्वभाव आहे, म्हणून तो दुरुस्त करून संपत नाही. बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमने प्रत्येक खिडकीला स्वतंत्र थ्रेड दिला होता आणि तिच्याच वळणाची हायकू आजही ती रीत पाळते, परंतु तिथेही खिडकीला हात लावण्यापूर्वी तिचे कुलूप घ्यावेच लागते, आणि ते ओझे प्रोग्राम लिहिणाऱ्यावर पडते.

पारसिक (बुधवार, सकाळी ७.५०)

वरचे विवेचन नेमके आहे, आणि तुर्भेकरांची दुसरी तक्रार हे त्याच समोरासमोरच्या गाठीचे घरगुती रूप आहे. आपण वजनासाठी रांग वापरता, पण पोर्टावर काहीतरी येत असल्याचे दाखवणारा हिरवा दिवा असेल, तो कसा रंगवता? तिथे ‘इन्व्होक’ आहे का?

तुर्भेकर (बुधवार, सकाळी ९.०५)

आहे. ‘डेटा रिसीव्ह्ड’च्या हँडलरमध्ये (इव्हेंट आला की चालणाऱ्या कोडमध्ये) शेवटची ओळ तीच आहे. आपण माझा कोड न पाहता सांगितलेत, याचे आश्चर्य वाटले.

पारसिक (बुधवार, रात्री ९.३०)

आश्चर्य नको, मी स्वतः यात एक दिवाळी घालवली आहे. घडते ते असे. वजनाचा हँडलर दुसऱ्या थ्रेडवर चालू असतो तेव्हा त्या पोर्टाच्या स्ट्रीमचे कुलूप त्या थ्रेडकडे असते. हँडलर ‘इन्व्होक’ करतो, म्हणजे मुख्य थ्रेडला निरोप देऊन काम पूर्ण होईपर्यंत तिथेच उभा राहतो. नेमक्या त्याच क्षणी केबिनमधल्या माणसाने ‘बंद करा’ दाबलेले असते आणि मुख्य थ्रेड पोर्टाच्या ‘क्लोज’मध्ये शिरलेला असतो. ‘क्लोज’ला तेच कुलूप हवे आहे. मुख्य थ्रेड कुलपासाठी थांबला आहे, कुलूपवाला मुख्य थ्रेडसाठी थांबला आहे. मुख्य थ्रेड पाच सेकंद संदेश उचलत नाही असे दिसले की विंडोज खिडकीच्या जागी तिची फिकी प्रतिकृती ठेवते आणि मथळ्यात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहिते. तीच आपली पांढरी खिडकी. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी जुळाव्या लागतात, म्हणूनच हे दहांतून एकदा घडते आणि तपासायला बसलो की घडत नाही.

उपाय: ‘इन्व्होक’च्या जागी ‘बिगिनइन्व्होक’, जो निरोप टाकून लगेच परत येतो. पण मग फॉर्म मोडल्यानंतर उशिरा पोहोचलेला निरोप अपवाद फेकू शकतो. म्हणून बंद करण्याचा क्रमही ठरवावा लागतो. फॉर्म बंद होण्याच्या इव्हेंटमध्ये पहिल्यांदा नकार द्यावा, पोर्ट बंद करण्याचे काम ‘टास्क रन’ने मागच्या थ्रेडवर पाठवावे, त्याची मुख्य थ्रेड न अडवता ‘अवेट’ने वाट पाहावी, आणि ते झाल्यावरच फॉर्मला पुन्हा बंद होण्यास सांगावे. खरे म्हणजे दिव्यासाठी निरोप पाठवण्याचीच गरज नाही. शेवटचे वजन कधी आले याची वेळ फळ्यावर असेल तर टायमर तेवढे पाहून दिवा हिरवा किंवा लाल करील.

जाता जाता: ‘इन्व्होक रिक्वायर्ड’वर (इन्व्होकची गरज आहे का, हे सांगणाऱ्या खुणेवर) डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कंट्रोलचे (लेबल, बटण अशा घटकाचे) हँडल, म्हणजे विंडोजने दिलेली ओळख, अजून तयारच झाले नसेल तर ते ‘गरज नाही’ असे उत्तर देऊ शकते, आणि मग हँडल चुकीच्या थ्रेडवर जन्माला येते. त्यानंतर जे घडते त्याला तर्क लावता येत नाही.

कोपरीकर (बुधवार, रात्री १०.१०)

आपण सगळे फार खोलात गेला आहात असे वाटते. आम्ही बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लांबलचक लूपच्या मध्ये ‘डू इव्हेंट्स’ घालतो. खिडकी अडकत नाही आणि दुसरा थ्रेडही लागत नाही. पावती छापताना तेच करावे, विषय संपला.

पारसिक (बुधवार, रात्री १०.४५)

कोपरीकर, मतभेद आहे. ‘डू इव्हेंट्स’ म्हणजे एक काम अर्धवट हातात असताना दार उघडून ‘पुढचा कोण?’ असे विचारणे. प्रिंटर सावकाश चालतो, माणूस कंटाळून ‘छापा’ पुन्हा दाबतो, आणि आत असलेल्या फंक्शनमध्येच तेच फंक्शन पुन्हा शिरते. एका गाडीच्या दोन पावत्या, दोन क्रमांक. बिलात ते खोडता येते, काट्यावर पोलीस येतात. बटण आधी निष्क्रिय केले तर हा एक मार्ग बंद होतो, पण फॉर्म बंद करण्याचा फुलीचा कोपरा, कीबोर्डाचा शॉर्टकट आणि टायमर हे मार्ग उघडेच राहतात.

कोपरीकर (बुधवार, रात्री ११.०५)

दोन पावत्या आमच्याकडेही निघालेल्या आहेत. आम्ही तो माणसाचा दोष समजत होतो.

रबाळे_नाका (गुरुवार, दुपारी ३.२०)

चर्चा विनफॉर्म्सची असली तरी क्यूटी (सी प्लस प्लसमधील अशीच टूलकिट) वापरणाऱ्यांसाठी एक अनुभव नोंदवतो. आमच्या कारखान्यात भट्ट्यांच्या तापमानाची नोंद ठेवणारा प्रोग्राम मी सी प्लस प्लसमध्ये लिहिला. क्यूटी ४ पासून, म्हणजे २००५ पासून, सिग्नल (वस्तूने सोडलेली सूचना) आणि स्लॉट (ती सूचना आली की चालणारे फंक्शन) थ्रेडांच्या सीमा ओलांडू शकतात. जोडणी ‘ऑटो’ ठेवली तर सिग्नल सुटण्याच्या क्षणी पाहिले जाते की स्लॉटची वस्तू कोणत्या थ्रेडची रहिवासी आहे. ती त्याच थ्रेडची असेल तर स्लॉट थेट बोलावला जातो, परक्या थ्रेडची असेल तर निरोपाची प्रत काढून तिच्या थ्रेडच्या रांगेत टाकली जाते. इतके सोयीचे असूनही मी फसलो, आणि कसा ते सांगतो.

मी ‘क्यूथ्रेड’पासून स्वतःचा वर्ग काढला आणि तापमान वाचण्याचे स्लॉट त्यातच लिहिले. माझी समजूत अशी की हा थ्रेडचा वर्ग आहे, तर त्यातले सगळे थ्रेडमध्येच चालणार. प्रत्यक्षात ‘क्यूथ्रेड’ची वस्तू ही थ्रेड हाकणारी मूठ आहे, आणि ती मूठ जिथे बनवली तिथली, म्हणजे मुख्य थ्रेडची, रहिवासी असते. नव्या थ्रेडमध्ये चालते ते फक्त ‘रन’ आणि त्यातून बोलावलेले. माझे स्लॉट निमूटपणे मुख्य थ्रेडवर चालत होते. दर सेकंदाला आलेख एक हिसका देई आणि मी महिनाभर आलेखाच्या लायब्ररीला दोष देत बसलो. शेवटी प्रत्येक स्लॉटमध्ये चालू थ्रेडचा पत्ता छापला, तेव्हा सगळीकडे एकच आकडा दिसला. आता काम करणारी वस्तू वेगळी बनवतो, तिला पालक देत नाही, कारण पालक असलेली वस्तू हलवता येत नाही, आणि ‘मूव्ह टू थ्रेड’ने तिला नव्या घरी पाठवतो.

सीवूड्सवाला (गुरुवार, रात्री ९.००)

२०१२ पासून सी शार्पमध्ये ‘असिंक-अवेट’ आहे. ‘अवेट’नंतरचा कोड आपोआप मुख्य थ्रेडवर परत येतो. मग रांगा, फळे, निरोप ही जुनी भांडी कशाला घासत बसायची?

पारसिक (गुरुवार, रात्री ९.४०)

पावती छापणे, डेटाबेसात नोंद करणे, अशा सुरुवात आणि शेवट असलेल्या कामांना ‘अवेट’ उत्तम आहे, आणि तुर्भेकरांनी तिथे ते वापरावे असेच मी म्हणेन. फक्त हे ध्यानात असू द्यावे की ‘आपोआप परत येतो’ म्हणजे आतून मुख्य थ्रेडच्या रांगेत निरोपच टाकला जातो. म्हणूनच मुख्य थ्रेडवर कोणी ‘डॉट रिझल्ट’ लिहून वाट पाहत बसला तर पोर्टासारखीच गाठ पुन्हा बसते: निकाल आल्याशिवाय मुख्य थ्रेड हलत नाही आणि मुख्य थ्रेड हलल्याशिवाय निकाल येत नाही. भांडी जुनीच आहेत, ओट्याखाली गेली आहेत.

अखंड वाहणाऱ्या वजनाला मात्र शेवट नाही. तिथे प्रश्न ‘काम कधी संपले’ हा नसून ‘आत्ता काय आहे’ हा आहे.

तुर्भेकर (शुक्रवार, रात्री १०.२०)

फळा करायला बसलो आणि एका जागी अडलो. वजन ‘डबल’ (दशांश आकडा) आहे, ‘स्थिर आहे की नाही’ ही खूण ‘बूल’ (होय किंवा नाही) आहे आणि आता वेळही हवी. तीन फील्ड ठेवली, ‘व्होलाटाइल’ (दुसऱ्या थ्रेडने लिहिलेले ताजे मूल्य वाचले जावे यासाठीचा शब्द) लिहायला गेलो तर कंपायलर ‘डबल’ला ते लावू देत नाही. प्रत्येक फील्डला कुलूप घालावे का?

पारसिक (शनिवार, सकाळी ८.१५)

कंपायलर नाही म्हणतो याला कारण आहे. ‘डबल’ ६४ बिटांचा असतो आणि ३२ बिटांच्या प्रोग्राममध्ये तो एका दमात लिहिला जाईल अशी हमी भाषा देत नाही. अर्धा जुना, अर्धा नवा आकडा वाचनात येऊ शकतो. काट्यांवरच्या जुन्या संगणकांवर ३२ बिटांचे विंडोज अजून असेल, म्हणून हे पुस्तकी समजू नये.

पण त्याहून घातक गोष्ट दुसरीच आहे. समजा, एकेका फील्डचे लिखाण अगदी शुद्ध झाले, तरी तीन फील्ड तीन वेगळ्या क्षणी लिहिली जातात. गाडी हलते आहे, नवे वजन १८,४२० लिहून झाले, आणि ‘स्थिर’ ही खूण अजून मागच्या वजनाचीच ‘होय’ आहे. नेमके त्या फटीत मुख्य थ्रेडने वाचले तर हलत्या गाडीचे वजन स्थिर म्हणून छापले जाईल. प्रत्येक फील्डला वेगळे कुलूप घातले तरी ही फट बुजत नाही, कारण ती फील्डांच्या आत नसून त्यांच्या मध्ये आहे.

म्हणून एक छोटा वर्ग करावा: वजन, खूण, वेळ. तिन्ही कन्स्ट्रक्टरमध्येच भरायची, नंतर बदलता येणार नाहीत. प्रत्येक वाचनाला नवी वस्तू बनवावी आणि फळ्यावर फक्त तिचा संदर्भ ठेवावा. संदर्भाची अदलाबदल डॉट नेटमध्ये अखंड असते. वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुने त्रिकूट मिळते, नाहीतर पूर्ण नवे. सेकंदाला दहा छोट्या वस्तूंचा कचरा गोळा करणाऱ्या डॉट नेटच्या यंत्रणेला जाणवतही नाही.

आणि पावतीसाठी वजन लेबलवरून वाचू नये. ‘छापा’ दाबताच फळ्यावरची वस्तू उचलावी, तिची वेळ एक सेकंदाहून जुनी असेल किंवा खूण ‘स्थिर नाही’ असेल तर छापण्यास नकार द्यावा.

सीवूड्सवाला (शनिवार, सकाळी १०.३०)

‘इंटरलॉक्ड एक्सचेंज’ (एका दमात जुने काढून नवे ठेवणारी क्रिया) वापरून वाचतानाच फळा पुसून टाकावा, म्हणजे जागी ‘नल’ (रिकामा संदर्भ) ठेवावा. तेच वजन दोनदा रंगवण्याचे कष्ट वाचतात.

तुर्भेकर (पुढचा बुधवार, रात्री ९.४५)

तिन्ही काट्यांवर बदल करून पाच दिवस झाले. वजनासाठी फळा, पावत्यांसाठी वेगळी रांग. पावत्यांची रांग एकच मागचा थ्रेड उपसतो, आधी डेटाबेसात नोंद करतो, मग प्रिंटरकडे पाठवतो, आणि नोंद फसली तर तसा निरोप मुख्य थ्रेडला देतो. प्रोग्राम बंद करताना रांगेत नवे घेणे थांबवून शिल्लक पावत्या संपेपर्यंत ‘अवेट’ करतो. मुद्दाम पंधरा मिनिटे एक गाडी उभी ठेवली, गाडीमालकाच्या परवानगीने, आणि क्लीनरला चढ-उतार करायला सांगितले. तो पाय टेकवतो तोच पडद्यावरचा आकडा ७० किलोंनी खाली येतो. पोर्ट उघड-बंद दोनशे वेळा केला, खिडकी पांढरी पडली नाही.

एक नवी अडचण तेवढी आली आहे. महापेच्या काट्यावर ड्रायव्हरांना दिसावे म्हणून बाहेर मोठा अक्षरफलक लावला आहे. त्याला वजन पाठवणारा थ्रेड मी त्याच फळ्यावरून वाचायला लावला. आता केबिनमधला पडदा आणि बाहेरचा फलक दोन्ही अडखळतात: आकडा एकदा इथे बदलतो, एकदा तिथे.

पारसिक (बुधवार, रात्री १०.०५)

आपण सीवूड्सवाल्यांचा पुसण्याचा सल्ला घेतलात ना?

तुर्भेकर (बुधवार, रात्री १०.१०)

होय, ‘एक्सचेंज’ आणि ‘नल’.

पारसिक (बुधवार, रात्री १०.२०)

एकच वाचक असेपर्यंत ते खपून गेले. वाचक दोन झाले की जो आधी वाचतो तो दुसऱ्याच्या वाट्याचे पुसतो, आणि फळ्याची पुन्हा रांग होते. पुसण्याचे काम फक्त लिहिणाऱ्याचे. दोन्ही वाचकांनी ‘व्होलाटाइल रीड’ने नुसते पाहावे. तेच वजन पुन्हा रंगवायचे नसेल तर मागच्या खेपेला पाहिलेल्या वस्तूचा संदर्भ प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावा आणि तोच परत आला तर काही करू नये.

सीवूड्सवाला (बुधवार, रात्री १०.३५)

मान्य. दुसरा वाचक येईल हे माझ्या लक्षात आले नाही.

तुर्भेकर (गुरुवार, दुपारी १२.४०)

तसे केले. पडदा आणि फलक आता बरोबर चालतात. केबिनमधले गृहस्थ मात्र ‘नवी गाडी’चे बटण अजूनही दोनदाच दाबतात, म्हणून दुसऱ्या दाबाने काहीही होणार नाही अशी व्यवस्था करून ठेवली आहे.